चक्कर नाही, ऐकूही येते, तरी तोल का जातो?

पत्र : माझे वडील ६६ वर्षांचे असून बेस्टमधून वाहक म्हणून निवृत्त झाले आहेत. हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्यामुळे ते रुग्णालयात आहेत. इतर प्रतिजैविकांबरोबर त्यांना जेंटामायसिनची इंजेक्शने चालू आहेत आणि आज त्याचा एकोणिसावा दिवस आहे. ताप उतरला आहे; पण चार दिवसांपासून ते म्हणतात की चालताना भिंतीवरच्या पाट्यांची अक्षरे नाचतात आणि रात्री वॉर्डातले दिवे मालवले की शौचालयापर्यंत खाटांच्या कडा धरत जावे लागते. चक्कर अजिबात येत नाही. कानांची तपासणी झाली, ऐकणे उत्तम आहे, तेव्हा हा अशक्तपणाच असणार, असे आम्हाला सांगण्यात आले. परंतु माझ्या आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, क्षयाच्या इंजेक्शनांनंतर बहिरेपण आले होते, म्हणून मला धास्ती वाटते. इंजेक्शने बंद करायला लावावीत का? भाऊ म्हणतो की कानातल्या पेशींचे रक्षण करणारे औषध निघाले आहे. शेजारच्या काकू बी-१२ची इंजेक्शने घ्यायला सांगतात. बाबांचा स्वतःचा एकच प्रश्न आहे : पुन्हा एकट्याने बसमधून जाता येईल का?
— एक वाचक, परळ

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र हाती आले त्याच दिवशी मी तुम्हाला दूरध्वनी केला, कारण अशा पत्राला छापील उत्तराची वाट पाहायला लावणे योग्य नव्हते. तेव्हा जे थोडक्यात बोलणे झाले ते येथे तुमच्या संमतीने सविस्तर लिहीत आहे, कारण ही माहिती वेळेवर न मिळाल्यामुळे कायमचा तोल गमावलेली माणसे मी पाहिली आहेत.

पहिली गोष्ट, इंजेक्शन घरच्यांनी परस्पर बंद करायचे नसते. झडपेचा जंतुसंसर्ग अर्धवट सोडला तर जीव जाऊ शकतो. मात्र 'बंद करू नका' याचा अर्थ 'गप्प बसा' असा होत नाही. मी तुम्हाला सांगितले ते हे की, त्याच दिवशी उपचार करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना भेटा, बाबांची तक्रार त्यांच्याच शब्दांत केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि पुढचा डोस देण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा : रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून केलेल्या तपासणीत, कोणता जंतू सापडला आहे, त्या जंतूसाठी जेंटामायसिन अजूनही आवश्यक आहे का, आणि त्याच्याऐवजी काय देता येईल. हे विचारण्यात डॉक्टरांचा अवमान नाही. एन्टरोकोकस फीकॅलिस नावाच्या जंतूमुळे झालेल्या झडपेच्या संसर्गात अँपिसिलिन आणि सेफ्ट्रिअॅक्सोन ही जोडी जेंटामायसिनशिवाय वापरता येते, आणि मूत्रपिंड किंवा कान धोक्यात असतील तर ती मुद्दाम निवडली जाते. तुमच्या वडिलांच्या बाबतीत नेमका तोच जंतू निघाला आणि डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी औषध बदलले, हे तुमच्या संदेशावरून कळले तेव्हा मला फार बरे वाटले. त्यानंतर झालेल्या तोलाच्या तपासणीत दोन्ही कानांचे काम कमी झालेले दिसले, पण पूर्ण गेलेले नाही. पुढचे सगळे लिहिणे कानातल्या तोल सांभाळणाऱ्या उरलेल्या पेशींसाठी आहे.

आता नेमके काय घडले ते पाहू. ऐकण्याचा शंख आणि तोलाचे अवयव ही आंतरकर्णातली शेजारची बिऱ्हाडे आहेत. तोलाच्या बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचे वळणे टिपतात आणि दोन लहान पिशव्या वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा टिपतात. या सर्वांत ज्या पेशी प्रत्यक्ष काम करतात त्यांच्या माथ्यावर अतिसूक्ष्म केसांचा झुबका असतो, म्हणून त्यांना रोमपेशी म्हणतात. डोके हलले की झुबका कलतो, झुबक्याच्या टोकाशी असलेली सूक्ष्म दारे उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात आणि मेंदूला निरोप जातो. दुर्दैवाने जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन या अमायनोग्लायकोसाइड गटातल्या औषधांचे रेणू त्याच दारांतून आत शिरतात. एकदा आत गेले की ते सहजासहजी बाहेर पडत नाहीत. रक्तातून औषध निघून गेल्यावरही ते कानात कित्येक आठवडे, महिनेसुद्धा राहू शकते.

आत गेल्यावर ते काय करते, हे समजून घेण्यासारखे आहे. ही औषधे जंतूला मारतात ती त्याचा प्रथिने बनवणारा कारखाना, म्हणजे रायबोसोम, बिघडवून. आपल्या प्रत्येक पेशीतली ऊर्जा निर्माण करणारी मायटोकॉन्ड्रिया ही फार प्राचीन काळी पेशीत वस्तीला आलेल्या जीवाणूंची वंशज आहेत आणि त्यांचे रायबोसोम अजूनही जीवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते आहेत. त्यामुळे जंतूवर रोखलेला वार रोमपेशीच्या मायटोकॉन्ड्रियावरही होतो, पेशीत घातक ऑक्सिजन-संयुगे साचतात आणि पेशी मरते. मेलेल्या रोमपेशीच्या जागी पक्ष्यांमध्ये आणि माशांमध्ये नवी पेशी येते; माणसात उपयोगी पडेल इतक्या प्रमाणात ती येत नाही.

मग चक्कर का आली नाही? हीच या आजाराची सर्वांत फसवी बाजू आहे. गरगरणे तेव्हा होते, जेव्हा एक कान एक सांगतो आणि दुसरा दुसरे. इंजेक्शनाचे औषध रक्तातून दोन्ही कानांत सारखेच पोहोचते, दोन्ही कान हळूहळू बरोबरीने मंद होतात आणि मेंदूला कसलाही विरोध ऐकू येत नाही. रुग्ण खाटेवर पडून असतो तोवर त्याला स्वतःलाही काही जाणवत नाही. उठून चालू लागला की कळते. ऐकण्याची तपासणी चांगली आली यानेही निश्चिंत होता येत नाही, कारण या गटातली औषधे सारखी वागत नाहीत. अमिकासिन, कॅनामायसिन आणि निओमायसिन प्रामुख्याने ऐकण्याच्या पेशी मारतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन प्रामुख्याने तोलाच्या. जेंटामायसिनचा हा गुण इतका पक्का आहे की मेनिएरच्या विकारात, जेव्हा आजारी कान अनावर भोवळ आणतो, तेव्हा आम्ही कानतज्ज्ञ तेच औषध पडद्याआड टोचून तोलाच्या पेशी हेतुपुरस्सर निकामी करतो. ज्या औषधाचा उपयोग आम्ही स्वतः या कामासाठी करतो, त्याबद्दल वॉर्डात शंका येऊ नये, याचे मला आजही दुःख होते.

अक्षरे नाचणे ही तक्रार डोळ्यांची नव्हेच. आपण चालतो तेव्हा प्रत्येक पावलागणिक डोके हलते आणि आंतरकर्ण त्याच क्षणी डोळ्यांना उलट दिशेने सरकवतो, म्हणून जग स्थिर दिसते. ही सोय गेली की डोक्याबरोबर पाटीही हलते. हे नवे ज्ञान नाही. स्ट्रेप्टोमायसिन क्षयरुग्णांना देऊन पाहणाऱ्या मेयो क्लिनिकच्या हिन्शॉ आणि फेल्डमन यांनी १९४५ मध्येच तोलाच्या तक्रारी नोंदवल्या होत्या. १९५२ मध्ये अशाच इंजेक्शनांनी तोल गमावलेल्या एका अमेरिकन डॉक्टराने स्वतःचा अनुभव लिहिला : वाचताना छातीच्या ठोक्याने डोके हलायचे तेवढ्यानेही पुस्तकातल्या ओळी उडत, म्हणून तो खाटेच्या उशाच्या लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट टेकवून वाचत असे.

मला हे लिहिताना एक जुनी रुग्ण आठवते. मी निवासी डॉक्टर असताना पोटातल्या संसर्गासाठी जेंटामायसिन घेणाऱ्या एका बाईंनी मला सांगितले होते, "डॉक्टर, चालायला लागले की होडीत उभे राहिल्यासारखे वाटते." मी केसपेपरवर 'अशक्तपणा' असे लिहिले आणि इंजेक्शने पुढे चालू राहिली. काही महिन्यांनी त्या बाई आपल्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून बाह्यरुग्ण विभागात आल्या, तेव्हा मी त्यांना दहा पावले डोळे मिटून चालायला सांगितले आणि चौथ्या पावलाला त्या पडता पडता वाचल्या. तेव्हापासून अशी इंजेक्शने चालू असलेल्या रुग्णाने 'अशक्तपणा' म्हटले की मी त्याला उभे करून पाहिल्याशिवाय तो शब्द लिहीत नाही.

उभे करून पाहायला फारसे काही लागत नाही. डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता समोर ठेवून रुग्ण स्थिर असताना कितवी ओळ वाचतो ते पाहायचे, मग कोणीतरी त्याचे डोके सेकंदाला साधारण दोनदा हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवत असताना पुन्हा वाचायला लावायचे. एक-दोन ओळी कमी होणे स्वाभाविक आहे. तीन किंवा त्याहून अधिक ओळी गेल्या तर कानांकडे पाहिलेच पाहिजे. दुसरी परीक्षा म्हणजे जाड फोमवर पाय जुळवून डोळे मिटून उभे राहणे. मात्र शेजारी हात धरायला माणूस हवाच. तिसरी डॉक्टरांनीच करायची : रुग्ण डॉक्टरांच्या नाकाकडे पाहत असताना त्याचे डोके झटकन थोडेसे वळवायचे आणि डोळे जागेवर राहतात की घसरून परत येतात ते बघायचे. ही परीक्षा हाल्मागी आणि कर्थॉईस यांनी १९८८ मध्ये मांडली आणि आता ती व्हिडिओ यंत्रावरही होते. माझे आग्रहाचे सांगणे असे की, ज्यांना ही इंजेक्शने काही दिवसांपेक्षा जास्त लागणार आहेत त्यांची तक्त्याची परीक्षा पहिल्याच दिवशी करून आकडा लिहून ठेवावा आणि नंतर दर दोन-तीन दिवसांनी तीच पुन्हा करावी. नातेवाइकांनीही रोज एकदा विचारावे : चालताना पाटी स्थिर दिसते का, अंधारात भिंत धरावी लागते का?

तुमच्या भावाच्या प्रश्नाचे उत्तर मला जड मनाने द्यावे लागते. जेंटामायसिनपासून तोलाच्या पेशी वाचवणारे, माणसांसाठी मान्यता मिळालेले एकही औषध आज उपलब्ध नाही. त्यांनी वाचले असेल ते बहुधा यांपैकी काही असावे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सोडियम थायोसल्फेटला परवानगी दिली, पण ती सिस्प्लॅटिन हे कर्करोगाचे औषध घेणाऱ्या मुलांचे ऐकणे वाचवण्यासाठी. आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध नाही. २००६ मध्ये चीनमधील एका चाचणीत जेंटामायसिनबरोबर अॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये ऐकण्याचे नुकसान ३ टक्क्यांना झाले, तर न घेणाऱ्यांमध्ये १३ टक्क्यांना. हा फरक लक्षणीय होता. परंतु ती चाचणी ऐकण्याची होती आणि अॅस्पिरिनने पोटात रक्तस्राव होऊ शकतो. तुमच्या वडिलांसारख्या झडपेच्या संसर्गात तर मेंदूत रक्तस्राव होण्याचाही धोका असतो, तेव्हा हा प्रयोग घरी मनानेही करू नये. सर्वांत आशादायक काम झेब्राफिश या इवल्याशा माशावर झाले आहे. त्याच्या अंगावरच रोमपेशींच्या रांगा असतात, म्हणून औषध लावले की त्या जगतात की मरतात हे सूक्ष्मदर्शकातून थेट दिसते. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी अशा हजारो रेणूंची छाननी करून, पुढे त्यातून ओआरसी-१३६६१ हा रेणू घडवला. प्रतिजैविक ज्या दारातून आत शिरते तेच दार तो अडवतो, आणि तो आता माणसांवरील चाचण्यांच्या टप्प्यात आहे. स्टॅनफर्डच्या चमूने उलटी वाट धरली आणि २०१५ मध्ये याच गटातल्या सिसोमायसिनचा रेणूच असा बदलून दाखवला की उंदरांमध्ये तो जंतू मारील पण कानाला जपेल. या दोन्ही वाटा मला मनापासून पटतात, पण बाबांच्या खाटेपर्यंत त्या अजून आलेल्या नाहीत.

बी-१२ कमी असेल तर जरूर द्यावे, त्याने रोमपेशी मात्र वाचत नाहीत. चक्करेसाठी मिळणाऱ्या स्टेमेटिल किंवा सिनारिझीनसारख्या गोळ्या तर या स्थितीत टाळाव्यात, कारण त्या तोलाची उरलेली यंत्रणाही दबवतात आणि मेंदूला नवी सवय लागायला उशीर होतो.

मग रक्षण कशात आहे? दिवस कमी करण्यात, आणि मूत्रपिंडे जपण्यात. हे औषध शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. ती मंद झाली की कानावरचा भार वाढतो, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी आठवड्यातून किमान दोनदा व्हावी, रुग्णाच्या अंगात पाणी कमी पडू देऊ नये, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर देऊ नयेत आणि लघवी वाढवणारे लॅसिक्स किंवा व्हॅन्कोमायसिन हे प्रतिजैविक बरोबरीने चालू असेल तर अधिक सावध राहावे. रक्तातली औषधाची पातळीही मोजतात आणि ती मोजावीच. पण पातळी योग्य असूनही, क्रिएटिनिन साफ असूनही तोल गेलेले रुग्ण आहेत, तेव्हा कागदावरचे आकडे चांगले आहेत म्हणून रुग्णाचे म्हणणे बाजूला सारू नये. वडिलांचे औषध आता थांबले असले तरी पुढचे काही आठवडे परिणाम वाढू शकतो, म्हणून तपासणी महिन्याभराने आणि नंतर तीन महिन्यांनी पुन्हा करून घ्या. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात याबाबत विचारता येईल. एक बाब जाता जाता : औषधाच्या दुकानात सहज मिळणारे जेंटामायसिन किंवा निओमायसिनचे कानाचे थेंब, पडद्याला छिद्र असेल तर, हेच नुकसान करू शकतात.

क्षयाबद्दल मुंबईकरांना वेगळे सांगायला हवे, कारण औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचा मोठा भार या शहराने उचलला आहे. त्या रुग्णांना पूर्वी कॅनामायसिन किंवा कॅप्रिओमायसिनची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत आणि कित्येकांचे कान जात. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधे बाजूला ठेवून बेडाक्विलिनवर आधारलेल्या, केवळ तोंडाने घ्यायच्या उपचारांकडे वळायला सांगितले. कानांच्या रक्षणाची माझ्या पाहण्यातली ही सर्वांत मोठी घटना आहे, आणि ती घडली ती इंजेक्शनच टाळता आल्यामुळे.

आजींच्या बहिरेपणाचा तुम्ही केलेला उल्लेख मला महत्त्वाचा वाटतो. मायटोकॉन्ड्रियाच्या गुणसूत्रात १५५५ या स्थानी होणारा एक बदल असा आहे की तो असलेल्या माणसाचे मायटोकॉन्ड्रिया जीवाणूंच्या आणखी जवळचे ठरतात आणि थोड्याशा इंजेक्शनांनीही ऐकणे जाऊ शकते. मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतात. म्हणजे आजींमध्ये तो बदल असला तर तो बाबांना आणि तुमच्या आत्यांना मिळाला असेल, आत्यांकडून त्यांच्या मुलांना मिळाला असेल. तुम्हाला आणि तुमच्या भावाला मात्र वडिलांकडून तो येणार नाही. त्या काळच्या क्षयोपचारात इंजेक्शने पुष्कळ दिली जात आणि त्यानेही बहिरेपण येई. शिवाय बाबांचे ऐकणे एकोणीस दिवसांनंतरही शाबूत आहे, म्हणून हा बदल असण्याची शक्यता मला कमी वाटते. तरीही आत्यांच्या मुलांनी रक्ताची ही एकदाच करायची तपासणी करून घ्यावी असे मी सुचवते, कारण इंग्लंडमध्ये नवजात बालकांसाठी तिचा निकाल २६ मिनिटांत देणारे यंत्र वापरून पाहिले गेले आहे, इतके तिचे मोल आहे. बाबांच्या सगळ्या कागदांच्या पहिल्या पानावर, आणि त्यांच्या पाकिटातल्या एका कार्डावर, 'अमायनोग्लायकोसाइड देऊ नये, तोलाचे नुकसान झाले आहे' असे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येते. तोल तीन आधारांवर उभा असतो : कान, डोळे आणि पायांच्या तळव्यांतून व सांध्यांतून येणारी जाणीव. एक कमी झाला तरी मेंदू उरलेल्या दोघांवर भिस्त ठेवायला शिकतो, पण त्याला सराव द्यावा लागतो. फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हाताच्या अंतरावर एक अक्षर धरून, त्यावर नजर रोखून डोके डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवण्याचा व्यायाम, एका वेळी मिनिटभर, दिवसातून तीन-चार वेळा करायचा असतो. सुरुवातीला त्याने मळमळेल, म्हणून सोडू नये. चालणे रोज हवे. डोळ्यांचा आधार अंधारात जातो, तेव्हा खाटेपासून शौचालयापर्यंत रात्रभर दिवा जळत राहू द्या. चाळीत राहत असाल तर गॅलरीतही. पावसाळ्यात निसरडी फरशी आणि हातातली छत्री असे दोन्ही एकदम नको, रेनकोट घालून एक हात मोकळा ठेवावा. आणि एक गोष्ट मी अगदी कळकळीने सांगते : समुद्रात किंवा तलावात, विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवरसुद्धा, त्यांनी पाण्यात उतरू नये. पाण्याखाली डोळे आणि पाय दोन्ही निरुपयोगी होतात आणि कानांनी साथ सोडलेल्या माणसाला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. चांगले पोहणारेही यात दगावले आहेत.

बसचे उत्तर असे आहे. आयुष्यभर चालत्या बसमध्ये एक हात तिकिटांवर ठेवून उभे राहणाऱ्या माणसाचे पाय तोल शिकलेले असतात, आणि त्यांच्या बाबतीत मला याचीच मोठी आशा आहे. पहिले तीन महिने सोबतीला कोणी असेल तरच जावे, दिवसा जावे, बस पूर्ण थांबल्यावर दांडा धरून चढावे आणि बसूनच प्रवास करावा. धावत्या बसमधून पाट्या वाचायचा प्रयत्न करू नये. त्यानंतरच्या तपासणीत तक्त्यावरच्या ओळी सुधारलेल्या दिसल्या, तर परळ ते दादर एवढा पहिला एकट्याचा प्रवास त्यांनी करून पाहावा. त्या तपासणीचा अहवाल मला जरूर कळवा.